लाल बॉलचा दाखला

गोटीमामांना कुणी बिलियर्डचा जुना बॉल आणून दाखवला, की मामा तो आधी बघत नसत, हुंगत असत. बॉल तळहातात घ्यायचा, कोटाच्या बाहीवर दहा-बारा वेळा खसाखसा घासायचा, डोळे मिटायचे आणि नाकाशी न्यायचा. नवख्या गिऱ्हाइकाला वाटायचं, हा माणूस आता चावा घेणार. मग मामा डोळे उघडून "कापूर" एवढंच म्हणायचे आणि गिऱ्हाइकाची कळी खुलायची. कधी मात्र ते काहीच बोलत नसत. बॉल अलगद पेटीत ठेवून गिऱ्हाइकासाठी चहा मागवत. लिलावघरातल्या जुन्या माणसांना ठाऊक होतं, मामांनी चहा मागवला म्हणजे बातमी वाईट आहे. दोनदा मागवला तर फारच वाईट.

कापराचं गणित साधं होतं. फार जुने बॉल सेल्युलॉइडचे असत आणि ते बनवताना कापूर घालत. असा बॉल घासून कोमट केला, की कितीही वर्षांनी त्याच्या पोटातला कापूर जागा होतो. पुढच्या काळातल्या बॉलला दवाखान्यासारखा वास येतो आणि अलीकडच्यांना कसलाच नाही. मामांनी उमेदीची वर्षं बिलियर्डच्या टेबलांवर हिरवं कापड ताणून बसवण्यात घालवली होती. गुडघे कुरकुरायला लागल्यावर लिलावघराच्या मालकानं त्यांना मागची खोली दिली. तिथं एक बारीक तराजू, मापाच्या पितळी कड्या, बॉल घरंगळवून बघायला जाड काच आणि एक भिंग, एवढा संसार. बाकी सगळं काम नाकावर.

लोक बॉलचे संच आणत आणि त्यांतल्या बहुतेकांत एखादा बॉल परका निघे. मूळचा कुठंतरी हरवलेला, खिडकीतून गेलेला किंवा भाच्यानं नेलेला असायचा आणि त्याच्या जागी कुणीतरी दुसरा आणून बसवलेला असायचा. अशा बॉलला मामा घरजावई म्हणत. तोही त्याच पेटीत राहतो, त्याच मखमलीवर लोळतो, पण कुळातला नाही. घरजावई निघाला की संचाची किंमत बसलीच. मामा दाखल्यात शेरा लिहीत, 'एक बॉल नंतरचा', आणि खाली सही ठोकत. एकदा खुद्द लिलावघराच्या मालकाच्या आजोबांच्या संचावर त्यांनी हा शेरा मारला होता. मालक आठ दिवस बोलला नाही. नवव्या दिवशी त्यानं मामांचा पगार वाढवला.

आता मामांच्या सासऱ्यांची गोष्ट. सासरे एका क्लबात मार्कर होते, म्हणजे खेळणाऱ्यांचे गुण मोजणारे. चाळीस वर्षं ते भिंतीला टेकून दुसऱ्यांचे गुण सांगत उभे राहिले. क्लबात नवे बॉल आले, तेव्हा एक जुना संच पेटीसकट त्यांना मिळाला. एक पांढरा, एक ठिपक्याचा पांढरा आणि एक लाल. सासरे गेल्यावर पेटी थोरल्या मुलीकडे गेली. धाकटी मुलगी म्हणजे मामांची बायको. तिच्या वाट्याला वडिलांचं घड्याळ आलं. ते तेव्हाच बंद होतं.

थोरलीचे यजमान, मामांचे साडूभाऊ, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. घरात चार माणसं असली तरी चाळीस बसल्यासारखं बोलायचे. त्यांनी पाहुण्यांना ती पेटी इतक्या वेळा दाखवली, की बिजागऱ्या सैल झाल्या. बावीस वर्षांपूर्वी एका रविवारी त्यांनी ती मामांपुढेही उघडली. मामांनी सवयीनं तिन्ही बॉल बाहीवर घासून हुंगले. पांढऱ्या दोघांत कापूर, लाल गप्प. बॉल नव्हे, रंगवलेला डबा हुंगतोय असं वाटलं.

"काय म्हणतं आमचं घराणं?" साडूभाऊंनी विचारलं.

"वा," मामा म्हणाले आणि विषय क्रिकेटवर नेला. परतताना बसमध्ये मात्र त्यांनी बायकोला सांगितलं, "लाल घरजावई आहे. कुणाला बोलू नकोस, ताईंना वाईट वाटेल."

"असेल," बायको म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

त्यानंतर बावीस वर्षं हे गुपित मामांनी छान सांभाळलं. साडूभाऊंचं व्याख्यान सुरू झालं, की ते मंद हसत. आपल्या पोटात काहीतरी आहे आणि समोरच्याला ते ठाऊक नाही, याचं एक सुख असतं. मामांनी ते पुरवून पुरवून खाल्लं.

आणि एके दिवशी साडूभाऊ पेटी काखेत मारून थेट लिलावघरात हजर झाले.

"साडूराव, दाखला लिहा. गावात जुन्या खेळांच्या वस्तूंचं संग्रहालय निघतंय ना, तिथल्या बाई भेटल्या. अस्सल, अख्खा संच असेल तर वेगळं कपाट देणार आणि वर पितळी पाटी. पाटीवर सासऱ्यांचं नाव. मात्र एक जरी बॉल मागाहून बसवलेला असला तरी घेणार नाहीत म्हणाल्या."

"पण मी घरचा माणूस. दुसऱ्या कुणाकडून..."

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाल्या, ज्यानं मालकाच्या आजोबांना सोडलं नाही, तो सासऱ्याला काय सोडणार."

मामांनी चहा मागवला. साडूभाऊ बिचारे पाहुणचार समजून प्यायले, बिस्किटंसुद्धा मागवा म्हणाले.

घरी मामांना जेवण गेलं नाही. सासऱ्यांवर त्यांचा जीव होता. दुसऱ्यांचे गुण मोजण्यात जन्म गेलेल्या त्या माणसाचं नाव एकदाच कुठंतरी लागायची वेळ आली होती आणि आडवा कोण येत होता, तर जावयाचा शेरा.

"लिहून टाका ना अस्सल," बायको म्हणाली.

"नसलेलं कसं लिहू?"

"बाबांच्या पेटीतलाच आहे तो. मी सांगते ना."

"तू काय हुंगून बघितलायस?"

"तुमचं नाक म्हणजे काय कोर्ट आहे?" बायको म्हणाली आणि ताटं उचलून आत गेली. तो विषय त्या रात्री एवढ्यावर थांबला.

दुसऱ्या दिवशी मामांनी रीतसर तपासणी मांडली. लाल बॉल आधी तराजूत घातला, कारण घरजावई हमखास वजनात सापडतो. कुळातल्या बॉलबरोबर त्याचं कधी जुळत नाही. लालचं वजन पांढऱ्यांशी जुळलं. किंचित जास्त, पण केसाइतकंच. मामांनी तराजू पुसला, पुन्हा तोललं. तेच. पितळी कडीतून पांढरे सुळकन गेले, लाल जरासा अडला. काचेवर तिघंही सरळ घरंगळले. पांढऱ्याला पांढरा लागला की 'टिक' वाजे, लालला लागला की 'टक'. नाक म्हणत होतं परका, तराजू म्हणत होता सख्खा. मामा तीन दिवस दोघांच्या मध्ये बसून राहिले. चौथ्या दिवशी त्यांनी तराजू दुरुस्तीला पाठवला. तराजू ठणठणीत असल्याच्या चिठ्ठीसह परत आला.

"तराजूला वेड लागलंय," त्या संध्याकाळी ते जेवताना म्हणाले. "लालचं वजन जुळतंय, पण आज भिंगाखाली अंगावर कसलातरी रंग दिसला. इतका घट्ट, की आतला वासच बाहेर येत नाही. बॉलला कुणी रंग देतं का? ज्यानं दिला त्याला..."

बायकोच्या हातातला डाव पातेल्यातच राहिला.

"नेलपॉलिश आहे," ती म्हणाली.

"काय?"

"ताईचं. नऊ वर्षांची होते मी. लाल बॉल दुकान-दुकान खेळायला घेतला होता, सफरचंद म्हणून. खिडकीत ठेवला आणि अख्ख्या सुट्टीत विसरले. उन्हानं एक बाजू पार फिकट झाली. बाबा मारतील म्हणून ताईची बाटली घेतली आणि रंगवला. दोन हात दिले."

मामांनी हातातला घास परत ताटात ठेवला. "बावीस वर्षं मी त्याला घरजावई म्हणतोय."

"हो ना."

"आणि तू बोलली नाहीस?"

"काय बोलणार? तुम्ही इतक्या खात्रीनं म्हणत होतात, मला वाटलं बरं झालं, परस्पर मिटलं. अहो, लहानपणी बाबांना घाबरले, मोठेपणी ताईला. आणि तुम्हाला सांगावं तर तुम्ही ते शेऱ्यात लिहिणार."

हे मात्र खरं होतं. मामांच्या मनात शेरा एव्हाना तयारच होत होता.

नेलपॉलिश काढायचं औषध वापरायची सोय नव्हती. त्यानं सेल्युलॉइडही विरघळलं असतं. मग मामा लाकडाची बोथट काडी, कापूस आणि पॉलिशची मऊ पेस्ट घेऊन बसले. नखाएवढा भाग सुटायला तास लागायचा. बायको डबा द्यायच्या निमित्तानं येऊन समोर बसायची.

"इथं जाड लागलंय," मामा भिंगातून बघत म्हणायचे.

"तिथं ब्रशचा केस चिकटला होता."

"केस अजून आहे."

सहाव्या दिवशी शेवटचा पापुद्रा निघाला. खाली जुना, खोल लाल रंग, आणि एका बाजूला बशीतल्या चहाच्या डागाएवढा गुलाबी फिकटपणा. मामांनी बॉल बाहीवर घासला, डोळे मिटले. कापूर असा आला की त्यांना शिंकच आली. कडीतून लाल सुळकन गेला. पांढऱ्याला लागला, तर 'टिक'. बायकोनं पदरानं डोळे टिपले आणि म्हणाली, "आता शेरा काय लिहिणार ते सांगा."

"जे आहे ते."

"माझं नाव?"

"नाव विचारत नाहीत. कारण विचारतात."

रविवारी थोरलीच्या घरी साडूभाऊंनी दाखला वर्गात निकाल वाचावा तसा उभं राहून वाचला. 'तिन्ही बॉल एकाच घडणीचे, अस्सल. पेटी मूळची. लाल बॉलची एक बाजू उन्हानं फिकट. त्यावर नेलपॉलिशचा थर होता, तो काढला. या बॉलबद्दल सही करणाऱ्याचं आधीचं मत चुकीचं होतं.' ते थांबले. चष्मा काढला.

"कसलं मत? आणि नेलपॉलिश कुणाचं?"

धाकटी चटईच्या काड्या मोजत होती.

"माझं," थोरली स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "गुलबट लाल. नवीकोरी बाटली होती. धाकटे, तूच ना ती संपवलीस? आणि मी म्हणत होते, मी लावलंच नाही, तर आई म्हणे, मग बाटली काय मांजरानं लावली? महिनाभर मला नेलपॉलिश बंद."

"ताई, मी सांगणारच होते."

"कधी? संग्रहालयाच्या उद्घाटनाला?"

धाकटी रडवेली झाली आणि थोरलीला हसू फुटलं. ते एकदा फुटलं ते आवरेना. खुर्ची ओढून बसली आणि पोट धरून हसत राहिली. मग धाकटीही. साडूभाऊ दोघींकडे आळीपाळीनं बघत होते, कवायतीत दोन मुलं उलट्या दिशेला वळल्यावर बघावं तसे. मग त्यांनी मामांना बाजूला घेतलं.

"आधीचं मत म्हणजे काय हो साडूराव?"

मामांनी सांगितलं. बावीस वर्षांचं सगळं, मंद हसण्यासकट.

साडूभाऊंचा आवाज चार माणसांपुरता खाली आला. मामांच्या आठवणीत ही पहिलीच वेळ. म्हणाले, "म्हणजे मी पेटी दाखवत होतो तेव्हा तुम्ही मनात मला हसत होतात. आणि बरोबर मी होतो."

"तुम्ही बरोबर होतात."

"हे लिहून द्याल का?"

मामांनी दाखल्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून दिलं, सहीसकट.

संग्रहालयाच्या बाईंनी शेरा दोनदा वाचला आणि संच ठेवून घेतला. इतका स्वच्छ खुलासा असलेला संच आपल्याकडे दुसरा नाही, म्हणाल्या. कपाट पुसून झालं, पितळी पाटी आली. सासऱ्यांचं पूर्ण नाव आणि खाली 'मार्कर'. दोघी बहिणी पाटीची दोन टोकं धरून उभ्या राहिल्या, साडूभाऊ स्क्रू ड्रायव्हर घेऊन स्टुलावर, मामा खाली ओंजळीत स्क्रू घेऊन.

"ताई, तुझी बाजू खाली गेलीय."

"तुझी वर गेलीय."

"सरळ आहे," मामांनी एक डोळा मिटून निकाल दिला.

तिघांनीही वळून त्यांच्याकडे बघितलं. कुणी काही म्हणायच्या आत बायकोनं संग्रहालयाच्या बाईंना हाक मारली, "बाई, तुमच्याकडे मोजपट्टी असेल ना हो?"