बॉनेटवरची शाल
अप्पांच्या शालीला अजून डिझेलचा वास येतो. तंजावुरात थंडी ती कसली, पण मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, पहाटे आमची जुनी डिझेल गाडी सुरू होत नसे. आणि एका वर्षी त्याच महिन्यात आईला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सकाळी सात वाजता त्रिचीला पोचवायचे होते. आदल्या संध्याकाळी अप्पांनी इंजिन तापवणारे हीटर प्लग बदलले, बॅटरी चार्ज केली आणि बॉनेटवर स्वतःची शाल पांघरली. "गाडीला शाल, आणि मला?" आईने विचारले. "तू एका हाकेत उठतेस. हिचे लाड करावे लागतात." पहाटे मी घाईने किल्ली फिरवणार, तोच त्यांनी मनगट धरले. "थांब रे, प्लग तापू देत." प्लग तापल्यावर डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा विझला आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. यंदाच्या मार्गळीत आईने पुष्कळ हाका मारल्या, पण अप्पा उठले नाहीत. शाल ती अजून धुवू देत नाही.