मंत्र्यांच्या वाटणीचा फोटो

आमच्या ताईच्या यजमानांइतका पाखरांनी छळलेला माणूस अख्ख्या कोकणपट्टीत दुसरा झाला नसेल. म्हसळ्याजवळच्या एका गावात ते शाळामास्तर होते, पण त्यांचा खरा वर्ग भरे तो तळ्यावर, आणि तिथे विद्यार्थी आपल्या मर्जीने हजेरी देत. गळ्यात जुना डबा कॅमेरा अडकवून भावोजी गुडघाभर चिखलात असे उभे राहत, की बगळ्यालाही वाटावं, हा आपल्यातलाच. शाळा तपासायला आलेल्या साहेबांना एकदा त्यांनी ओठांवर बोट ठेवून बांधावरच बसवून ठेवलं होतं. रोल धुवायला मुंबईला जाई आणि बऱ्याच दिवसांनी फोटो येत. त्यांत पाणी असे, आभाळ असे, आणि पक्षी मात्र, भावोजींच्या भाषेत, "आत्ताच उडाला" असे.

कमळपक्ष्यावर त्यांचा विशेष जीव. मादी तळ्यातल्या पानांवर अंडी घालून खुशाल निघून जाते आणि उबवण्यापासून पिल्लं सांभाळण्यापर्यंत सगळं नर करतो, हे त्यांनी एकदा मोठ्या कौतुकाने ताईला सांगितलं. "मग चार दिवस त्याच्याकडे शिकायला जा," एवढंच ती म्हणाली.

त्या श्रावणात मी रजेवर तिकडे गेलो होतो. तळ्यात मत्स्यबीज सोडायची सरकारी योजना निघाली होती आणि पहिलं मडकं ओतायला खुद्द मंत्री येणार होते. मंत्र्यांना पाणी स्वच्छ दिसलं पाहिजे, म्हणून सरपंचांनी तळ्यातली पानं उपटायला माणसं लावली. एका कोपऱ्यात कमळपक्षी अंड्यांवर बसला होता. भावोजी रोज सरपंचांच्या ओटीवर जाऊन त्याची वकिली करू लागले. पंचक्रोशीत दुसरा कॅमेरा नव्हता, हे सरपंच जाणून होते. शेवटी ते म्हणाले, "मास्तर, कोपरा ऱ्हाऊ दे तसाच. पन सायबांचा फोटू चुकायला न्हाय पायजे." भावोजींनी हरिहरेश्वराची शपथ घेतली.

मंत्री यायला उशीर झाला. तेवढ्यात भावोजींनी सगळा रोल पाखरांवर उडवला, पण शपथेला जागून शेवटचा एक फोटो मंत्र्यांसाठी राखला. मंत्री आले. पिढ्यान्‌पिढ्या मासे खात आलेल्या मंडळींना त्यांनी मासे खाण्याचं महत्त्व पटवून दिलं. मग पायऱ्या उतरून त्यांनी मडकं हातात घेतलं आणि कॅमेऱ्याकडे पाहून हसू धरून ठेवलं. नेमका तेव्हाच लाउडस्पीकर कर्कश किंचाळला. कोपऱ्यातला नर दचकला. आदल्याच दिवशी अंड्यांतून निघालेली पिल्लं त्याने पंखांखाली घेतली आणि तो पानांवरून चालू लागला. मला त्याच्या पंखांखाली नुसतं काहीतरी लोंबताना दिसलं. भावोजी वळले आणि त्यांनी बटण दाबलं.

मंत्री हसतच होते. मडकं रिकामं झालं. सरपंचांनी पुन्हा ओतायची विनंती केली, पण मासे संपले होते आणि रोलही. दिवाळीनंतर भावोजींची बदली तळ्याला झाली. गावाचं नावच तळा म्हटल्यावर गावकऱ्यांना विनोद करायला आणखी काय हवं? तिथल्या नव्या शाळेजवळ पाणी म्हणजे एक आड होता.

सामान बांधायला मी पुन्हा गेलो, तेव्हा त्यांना म्हटलं, "भावोजी, शपथ घेतली होती तुम्ही."

"घेतली होती रे," ते म्हणाले. "पण तो पोरं घेऊन निघाला होता."

फोटो आला. राखाडी पाणी आणि त्यात एक काळा ठिपका. भावोजींनी तो काचेत बसवून घेतला आणि घरी येईल त्याला दाखवला. चहा पोटात असल्यामुळे सगळे "वा" म्हणत.

आता भावोजी नाहीत. मागच्या खेपेला ताईकडे गेलो, तेव्हा नवी शेजारीण तो फोटो पाहत उभी होती. हे काय आहे, असं तिने विचारलं. ताईने पदराने काच पुसली आणि ठिपक्याजवळ बोट नेलं.

"हा बाप," ती हळूच म्हणाली. "आणि हे खाली दिसतायत ना, ते पिल्लांचे पाय."

शेजारीण वाकून पाहू लागली. मीही वाकलो.