मधल्या बांधावरची चिंच

चिंचोकेकाकांना चिंच आवडत नसे. पिकलेली चिंच हाती आली की ते गर धुऊन टाकत आणि चिंचोके खिशात घालत. मारुंजीत माझ्या खोलीत ते भाड्याने राहायला आले, तेव्हा टेम्पोतून भांड्यांपेक्षा कुंड्याच जास्त उतरल्या, ताटासारख्या उथळ. उरवड्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेला एकटा माणूस. खिडकीत वड, पिंपळ, उंबर, सगळे वीतभर, फांद्यांना तार गुंडाळलेले. खरं आडनाव चाळीत कोणी विचारलंच नाही.

बी रुजवायची त्यांची एक रीत होती. चिंचोका पायरीच्या दगडावर घासायचा, साल झिजली की रात्रभर भिजवायचा आणि दह्याच्या रिकाम्या डब्यात लावायचा. रोप जरा मोठं झालं की अलगद उपटून त्याचं सोटमूळ कात्रीने कापायचं. ते मला बघवत नसे. आमच्या घरात जितं मूळ कोणी तोडलं नव्हतं. काका म्हणत, "मालक, खालची वाट बंद झाली की झाड आडवं पसरतं. बुंधा धरतं."

आमच्या बांधावर पणज्याच्या वेळची चिंच होती. वाटण्यांत तो बांध चुलतभावाकडे गेला, त्याने तो टॉवरवाल्या बिल्डरला विकला, मशीनने झाड आडवं केलं. चुलतभावाशी मी अजून बोलत नाही. त्या दिवशी गावाने सरपण नेलं. काकांनी ओंजळभर चिंचोके नेले. त्यातला एक त्यांच्या खिडकीत वाढला. हातभर झाड, पण संध्याकाळी पानं मिटायचं ते थेट आमच्या चिंचेसारखं.

मला ते झाड हवं होतं. भाडं सोडतो म्हणालो, मोठी खोली देतो म्हणालो. काका ऐकेनात. शेवटी माझा आवाज चढला. "बी आमच्या बांधाचं हाय, काका. मागायची पाळी माझ्यावर का?"

पानं खुडता खुडता ते म्हणाले, "बांध तुमचा राहिला कुठे?"

हे फार लागलं. कितीतरी दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. पाण्याची मोटार मात्र त्यांच्या वेळेलाच लावत होतो.

मग एके सकाळी माझ्या दारात दह्याचा डबा, त्यात चिंचेचं रोप. मी धनगराकडून लेंडीखत आणलं आणि सढळ हाताने घातलं. पावसाळा संपेपर्यंत रोप माझ्या खिडकीच्या गजांतून बाहेर, काडीसारखं लांब. काका बघून हसले. "पोसायला येतं तुम्हाला, आवरायला येत नाही. झाडाचं तेच, रागाचं तेच."

"रागावरच चार खोल्या उभ्या केल्यात मी," मी म्हणालो. पण कात्री त्यांच्याकडून मागून घेतली.

पुढे मुलीने त्यांना नागपूरला बोलावून घेतलं. निघायच्या आदल्या दिवशी बघतो तर खिडकीतली चिंच नाही. कोणाला दिली विचारलं, तर म्हणाले, गाडी काढा. मला त्यांनी ओढ्याकडच्या माझ्या उरलेल्या पट्टीवर नेलं. ती पट्टी विकायचं माझं बोलणं तेव्हा जवळजवळ ठरलं होतं. पट्टीच्या ऐन मधोमध, मधल्या बांधावर, काट्याच्या कुंपणात, ती चिंच उभी. कुंडी नाही, तार नाही, थेट जमिनीत.

माझं डोकं फिरलं. "इतकी वर्षं आवरली ती यासाठी? माझ्या रानात मला न विचारता?"

"कुंडीत दिली असती तर तुम्ही तिचाही भाव केला असता," काका म्हणाले. "आता न्यायची तर बांधासकट न्यावी लागेल. जाऊ दे मूळ खाली."

तो राग अजून आहे. त्यांचा फोन आला की आधी झाडाची चौकशी, मग माझी. झाड आता माझ्या डोक्यावर गेलंय. पट्टीला हिंजवडीकडून गिऱ्हाईक येतच असतं. मी पट्टीवरच खुर्ची देतो, चहा पाजतो, भाव ताणून ताणून वर नेतो. ती हौस कशाला सोडू? सगळं जुळत आलं की सांगतो, "बाकी घ्या, चिंच सोडून."

मग गिऱ्हाईक उठतं, चिंच कुठे आहे ते बघतं आणि गाडी वळवतं.