दाढेने पेरू खाणारी

चेंडू तोंडावर बसला आणि तिचे समोरचे दोन दात परदेशातल्या मैदानावर पडले. लातूर-मुखेड एसटीत माझ्या शेजारची पोरगी हे सांगत होती. खोटे दात रुमालात गुंडाळून ती दाढेने पेरू खात होती.

"बाजूला व्हायचं न्हाई का गं?"

"मावशी, हॉकीत मारणाऱ्याच्या अंगावर पळत जाऊन चेंडू अडवायचा, हेच माझं काम हाय. बाजूला झाले असते तर गोल झाला असता."

"मग झाला?"

"न्हाई. दातांनी अडवला की!"

हसली, मग हळूच म्हणाली, "आईला कळलं तर पुन्हा खेळायला पाठवणार न्हाई."

मुखेडला आई स्टँडवर उभी होती. उतरण्याआधी पोरीने दात बसवले. मी फटकळ बाई, पण आईपुढे गप्प राहिले.

बावीस वर्षांची ती पोरगी भारताकडून खेळते.