भजनातला भुंगा आणि माझं डोरलं

लग्न होऊन देऊळगाव राजाला आले तेव्हा माझ्याकडे दोन गोष्टी भरपूर होत्या. केस आणि शहाणपणा. केस आता गेले. शहाणपणा मुळातच नव्हता, हे लवकरच कळलं.

माहेरी भावाच्या हाताखाली मी रेडिओची दुरुस्ती शिकले होते. सासरी ट्रान्झिस्टर होता, पण सेलवर चालायचा. सेल बसले की सासूबाईंची पहाटेची भजनं बंद. मग दिवसभर त्या माझ्याकडे असं बघायच्या, जणू सेल मीच खाल्ले. म्हणून मी रेडिओ घरच्या विजेवर चालवायचं खोकं बनवलं. आत एक ट्रान्सफॉर्मर, दोन डायोड. रेडिओ वाजला, पण प्रत्येक भजनामागे एक 'घूंऽऽ'.

"काऊन वं, भजनात भुंगा कोनं सोडला?" सासूबाई म्हणाल्या. "एकादशीपर्यंत काढ त्याले. नाही तं तुह्यं हे खोक्या-तारांचं सारं खटलं माळ्यावर जाईन, अन् पुन्हा खाली येनार नाही."

भुंगा घालवायला वीज साठवून एकसारखी सोडणारे मोठे कंडेन्सर हवे होते. ह्यांनी जालन्याच्या भंगारातून एका तंबू-टॉकीजच्या जुन्या ॲम्प्लिफायरमधले चार आणले. ॲल्युमिनियमची जाड नळकांडी, डोक्यावर दोन-दोन टोकं.

"हेच पायजे होते ना?" ह्यांनी भीत भीत विचारलं.

"तुम्हाला त्यातलं काय कळतं?" मी म्हणाले. हे शाळेत मास्तर, आणि मी मॅट्रिकला गणितात आपटलेली!

वर्षानुवर्षं पडून असलेल्या कंडेन्सरला एकदम वीज दिली तर तो फुटतो. आधी बल्बमधून थोडी थोडी पाजून जागा करावा लागतो. ते मी अगदी शास्त्रशुद्ध केलं. मग टोकांना बल्ब लावून प्रत्येकाच्या पोटातली वीज काढायची. तीन रिकामे झाले, आणि सासूबाई ओरडल्या, "अवं, दूध उतू चाललं!" धावले. परत आले तेव्हा चारही नळकांडी सारखीच शांत दिसत होती. चौथं भरलेलं आहे हे कोण लक्षात ठेवणार? माझं डोकंही तेव्हा बाहेरून भरलेलंच दिसायचं.

आता आमच्याकडची कुठलीही बाई चुलीपाशी वाकताना डोरलं पाठीवर टाकते. मीही टाकायची. पण तारा जोडायला कथलाचा डाग द्यायला बसले की मी मोठी इंजिनियर! बायकांच्या सवयी तिथे कशाला? वाकले, गळ्यातलं डोरलं पुढे लोंबलं आणि नेमकं चौथ्याच्या दोन टोकांवर टेकलं.

फाट्!

मी पाटासकट मागे. मला काही झालं नव्हतं, पण डोरल्याच्या सोन्यावर मोहरीएवढा काळा खड्डा पडला होता. सौभाग्याचा दागिना करपला! पहिला विचार ह्यांचा आला, हे कबूल करायला बरं वाटतं. दुसरा लगेच माळ्याचा आला. सासूबाईंना कळलं तर खटलं गेलंच.

दोन दिवस मी गळ्यापर्यंत पदर ओढून फिरले. गुपचूप चारही कंडेन्सर जोडले. एकादशीला पहाटे सासूबाईंनी रेडिओ लावला. टाळ स्वच्छ, मृदंग स्वच्छ. भुंगा गायब.

एक अख्खं भजन ऐकून त्या म्हणाल्या, "पदर काढ."

"आत्याबाई, थंडी..." सासूबाईंना मी आत्याबाईच म्हणायची.

"चैत्रात? परवा फटाका काय चुलीत फुटला व्हता? दाखव."

दाखवलं. "ह्यांना काही होईल का हो?" मी रडवेली.

"त्याले काय व्हते? पडवीत घोरून राह्यला." त्यांनी खड्ड्यावर अंगठा घासला. "त्याचं नशीब तुह्या कंडेन्सरात कोनी ठेवलं नाही."

"मग... खोकं माळ्यावर ठेवू?"

"काऊन? भुंगा गेला ना?" त्यांनी डोरलं धरून माझ्या पाठीवर टाकलं. "चुलीवर पोया करतो तवा टाकतोच ना आपन? मंग इथं काऊन नाही टाकत वं? अन् आवाज वाढव जरा. शेजारच्या म्हातारीचे सेल कालपासून बसले हायेत."