पटर आणि बोंडू
पिकलेल्या काजूबोंडूंचा वास आला की मला माझा महागडा पटर आठवतो. गोल्फचा चेंडू खळीत ढकलायची ती काठी एका सुट्टीत मी पेडण्याच्या घरी विसरलो. पुढच्या वर्षी गेलो, तर एकटे राहणारे बाबा तिनेच पाचोळ्यातले बोंडू पायाशी ओढत होते. “केवढी म्हाग आसा ती, म्हायत आसा?” मी चिडलो. त्यांनी काठीचं टोक लेंग्याला पुसलं. “तू हय नसतस. तुझां कायतरी हातात आसूंदे, म्हणून घेतलंय.” तरी मी ती काढून घेतली. आता बाबा नाहीत, काठीवरचे बोंडूच्या रसाचे डाग मात्र गेले नाहीत. क्लबात लोक विचारतात, एवढे पैसे घालण्यासारखी आहे का? बोंडू ओढायला चांगली आहे, मी म्हणतो. ते हसतात.