एकशे बारा लावल्यानंतर

जिते स्टेशनवर बाबांनी माझी बॅग डब्यात चढवली आणि उतरून खिडकीपाशी उभे राहिले. सगळं आयुष्य मिठागरात गेलेला माणूस, बोलायची सवय नाही. गाडी हलली तेव्हा एवढंच म्हणाले, "काय झालं तं फोन कर गो. मी हाय."

तिथून रोहा तास-सव्वा तासाचं. एवढ्याला कुणी गाव सोडणं म्हणत नाही. पण कंपनीतली शिफ्ट संपवून पुलापलीकडच्या अष्टमी गावातल्या भाड्याच्या खोलीचं कुलूप उघडताना हे अंतर किती लांब वाटतं, ते माझ्यासारख्या निघालेल्या मुलींना माहीत आहे. त्यांच्यासाठीच हे लिहितेय.

कंपनीत कंत्राटावरचा एक माणूस होता. आधी त्याचे मेसेज आले, मग तो पुलावरून मागे मागे येऊ लागला. मी कुणाला बोलले नाही. सांगणार कुणाला? एका रविवारी दुपारी त्याने माझं दार ठोठावायला सुरुवात केली. मी बाबांना फोन लावला. वाजत राहिला. मग पोलिसांच्या मदतीचा एकशे बारा लावला.

पलीकडे एक मुलगी होती. "ताई, आतून कडी लावलीय ना? पत्ता सांगा. जवळची खूण?" सात महिने राहून मला इमारतीचं नाव धड सांगता येईना. शेवटी दूध डेअरी आठवली. ती म्हणाली, "गाडीवाले फोन करतील, उचला." अनोळखी नंबर आला तेव्हा मी तो कापणारच होते. तुम्ही कापू नका.

जीप आली तोवर तो पळाला होता. वाटलं, आता मी खोटी ठरणार. तसं झालं नाही. महिला हवालदार आत येऊन बसल्या, पाणी प्यायला लावलं, मेसेज पाहिले. "यातलं एकही पुसायचं नाही," म्हणाल्या. मग वहीत लिहिता लिहिता विचारलं, "इथे तुमचं कोण?"

 इतक्या भीतीतही रडू आलं नव्हतं, ते तेव्हा आलं.

जिन्यावर सगळी इमारत जमली होती. त्यातून शेजारच्या जुबेदाचाची पुढे आल्या. तोवर आमचं बोलणं पाण्याच्या वेळेपुरतंच. "मी येते हिच्याबरोबर पोलीस ठाण्यात," त्या म्हणाल्या आणि चपला घालून निघाल्याच.

जबाब द्यायला वेळ लागतो. तेच तेच पुन्हा विचारतात, चिडू नका. मी न वाचताच सही करत होते, तर हवालदार बाईंनीच हात धरला. वाचलं, एक तारीख चुकली होती, ती दुरुस्त करून घेतली. तक्रारीची प्रत मागितली, ती फुकट मिळाली.

पुढे त्याला अटक झाली, मग जामीन झाला. कंपनीने त्याला काढलं. केस अजून चालू आहे. पण पोलीस येऊन गेल्यावर जी शांतता पसरते, तिच्याबद्दल कुणी सांगत नाही. इमारतीतल्या बायका मला बघून बोलणं थांबवायच्या. कंपनीत डबा खाताना माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहायची. कित्येक दिवस मी फक्त कामापुरतं बोलले.

बाबा आले ते त्या रविवारनंतर तिसऱ्या दिवशी. माझा फोन वाजला तेव्हा ते मिठागरात होते आणि मोबाइल घरी होता. हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. "चल, बाय. घरी चल."

"नाय बाबा. मी गेले तं तो म्हणेल, खोटं होतं."

 बाबांनी उठून दाराची कडी हलवून पाहिली. बाजारातून नवी, जाड कडी आणली, स्वतः ठोकली. जेवले आणि संध्याकाळच्या गाडीने परत निघाले. त्यांना स्टेशनवर सोडून मी पुलावरून एकटीच परतले. दोनदा मागे वळून पाहिलं.

खोलीत आल्यावर त्यांना फोन लावला. गाडीचा आवाज येत होता.

"बाबा, मी पोचले घरी."

 ते म्हणाले, "व्हय. बरं झालं."